एम, जी, झेड असलेला इंग्रजी शब्द सांग पाहू! अक्षरांवरून शब्द शोधायची रीत, नवख्यांसाठी

चवथीच्या सुट्टीत घरात पोरं जमली की कोणीतरी स्क्रॅबलचा डबा काढतंच, नाहीतर मोबाइलवर वर्डल चालू असतं, नाहीतर पेपरातलं इंग्रजी शब्दकोडं, आणि मग थोड्या वेळाने प्रश्न येतोच की अमुक अमुक अक्षरं असलेला शब्द कुठला. बहुतेक जण सरळ गुगलवर तसंच टाकतात, समोर भली मोठी यादी येते, त्यातलं अर्ध्याहून जास्त कामाचं नसतं, आणि मग वाटतं आपलं इंग्रजीच कच्चं. इंग्रजीचा काही दोष नाही हो. "ही अक्षरं असलेला शब्द" या एका वाक्याचे निदान पाच वेगवेगळे अर्थ होतात, प्रत्येकाची शोधायची रीत वेगळी आहे, आणि आपल्याला त्यातलं नक्की काय हवंय हे ठरवायच्या आधीच आपण शोधायला लागतो.

तर पहिली पायरी हीच. कागद घ्या आणि स्वतःला विचारा.

अक्षरं एकमेकांना चिकटून, त्याच क्रमाने हवीत का? म्हणजे टी-सी-एच असं सलग हवं असेल तर किचन, बुचर, वॉचमन हे शब्द येतात. की अक्षरं शब्दात कुठेही, कशीही असली तरी चालतील, बाकीची अक्षरं काहीही असोत? एम, जी, झेड म्हटलं तर मॅगझिन चालेल, अमेझिंग चालेल, गिझ्मो पण चालेल. तिसरा प्रकार स्क्रॅबलचा, रॅकवर, म्हणजे टाइल्स (अक्षरांच्या सोंगट्या) ठेवायच्या पट्टीवर, जी अक्षरं आहेत तेवढीच वापरायची, प्रत्येक टाइल एकदाच, बोर्डावर आधीच असलेलं अक्षर सोडलं तर बाहेरचं काही नाही, पण सगळी वापरायची सक्ती नाही. चौथा प्रकार न्यूयॉर्क टाइम्सच्या स्पेलिंग बीसारखा, सात अक्षरं दिलेली असतात, तीच पुन्हा पुन्हा वापरली तरी चालतात, पण मधलं अक्षर प्रत्येक शब्दात यायलाच हवं आणि शब्द कमीत कमी चार अक्षरी हवा. आणि पाचवा प्रकार शब्दकोड्याचा, इथे अक्षराची जागा ठरलेली असते, पाच घरं, पहिलं सी, शेवटचं एच, असं.

तिसरा आणि दुसरा यांत लोक सगळ्यात जास्त गोंधळतात. स्क्रॅबलच्या रॅकवर एम-जी-झेड असताना मॅगझिन सुचून काय उपयोग, बाकीचं ए-ए-आय-एन-ई आणणार कुठून.

आता हाताने शोधायची रीत. ही आधी शिका, ॲप नंतर. पावसात लाईट गेली, नेट गेलं तरी ही चालते, आणि ॲपने दिलेली यादी नीट वाचायला पण हीच उपयोगी पडते. सरावाला आपल्याकडे फुकटचं सामान आहे, गावांच्या नावांचे इंग्रजी बोर्ड. मडगाव स्टेशनचा बोर्ड घ्या. एम-ए-डी-जी-ए-ओ-एन. सात अक्षरं, म्हणजे बरोब्बर स्क्रॅबलचा एक रॅक.

अक्षरं एका ओळीत लिहू नका, गोलात लिहा. ओळीत लिहिली की डोळा पुन्हा पुन्हा मडगावच वाचतो, दुसरं काही दिसतच नाही. मग स्वर एका बाजूला काढा, ए, ए, ओ, आणि व्यंजनं दुसऱ्या बाजूला, एम, डी, जी, एन. मग शब्दांच्या नेहमीच्या शेपट्या बघा. इंग्रजीत शेवटाला आय-एन-जी, ई-डी, ई-आर, ई-एस-टी, आय-ओ-एन, ए-टी-ई असले तुकडे फार येतात. इथे ना ई आहे ना आय ना एस, म्हणजे तो सगळा रस्ता बंद, तिथे वेळ घालवायचाच नाही. मग जोड्या बघा. एन आणि जी शेजारी छान बसतात, तिथून मँगो येतो, अमंग येतो. मग डी शेवटाला ठेवून बघा, नोमॅड आला, मोनॅड आला. आंबा असा रोज स्टेशनच्या बोर्डावर लटकत असतो आणि आपण खालून जातो.

गंमत म्हणजे शहरात बोर्डावर मडगावचंच स्पेलिंग वेगळं असतं, एम-ए-आर-जी-ए-ओ. डी आणि एन गेले, आर आला. आता आंबा नाही, पण अरोमा आहे, अगोरा आहे, रोम म्हणजे भटकणं ते आर-ओ-ए-एम आहे, ग्रॅम आहे. मोगरापण बसतो बघा त्यात अक्षरं लावून, पण तो आपल्या स्क्रॅबलच्या यादीत आहे का हे आधी तपासा, नाहीतर कोणी मार्क देणार नाही. एक-दोन अक्षरं बदलली की अख्खी यादी बदलते, म्हणून अक्षरं उतरवून घेताना दोनदा बघा.

मोठ्या नावात शेपट्यांची खरी मजा येते. कळंगुट घ्या, सी-ए-एल-ए-एन-जी-यू-टी-ई, नऊ अक्षरं. ई आहे, टी आहे, ए आहे, म्हणजे ए-टी-ई ची शेपटी बाजूला काढून ठेवा. उरलं काय तर सी, एल, ए, एन, जी, यू. त्यातला सी सोडा, ए-एन-जी-यू-एल पुढे लावा, अँग्युलेट! आठ अक्षरी शब्द, कोन असलेलं या अर्थाचा, नुसता सी उरला. शेपटी बदला, एल-ई घ्या, अँगल आणि टँगल मिळाले. ए-एन-सी-ई घ्या, ग्लान्स मिळाला. लॅटिन अनेकवचनाची ए-ई ही शेपटी फार कमी लोकांच्या डोक्यात येते, ती लावली की लॅक्युनी, एल-ए-सी-यू-एन-ए-ई, सात अक्षरी. मागच्या बाजूसारखंच पुढच्या बाजूला पण करायचं, आर-ई, यू-एन, आय-एन, ओ-यू-टी हे तुकडे आधी लावून बघायचे.

आणि कुठलाही प्रकार असो, सुरुवात दुर्मिळ अक्षरापासून करा. एम-जी-झेड मध्ये आधी झेड. एम असलेले शब्द आठवायला बसलात तर संध्याकाळ होईल, झेड असलेले शब्द आधीच थोडे, त्यातले जी असलेले आणखी थोडे. कुठलं अक्षर दुर्मिळ हे कसं कळायचं, तर स्क्रॅबलचा डबाच सांगतो. हा खेळ बनवणारे आल्फ्रेड बट्स आर्किटेक्ट होते, १९३० च्या दशकात त्यांनी वर्तमानपत्रांतली अक्षरं मोजून टाइल्स ठरवल्या. १०० टाइल्समध्ये ई च्या १२, ए आणि आय च्या ९-९, ओ च्या ८, आणि जे, के, क्यू, एक्स, झेड एकेकच. दोन कोऱ्या असतात. ज्याची टाइल कमी आणि मार्क जास्त, तिथून सुरू करा, क्यू आणि झेड ला १० मार्क आहेत ते उगाच नाहीत.

आता एक अडचण जी आपल्या मराठी माणसांची खास आहे, आणि इंग्रजी गाइडमध्ये कोणी लिहीत नाही. आपण शब्द कानाने शोधतो. देवनागरीत जसं बोलतो तसं लिहितो ना, त्यामुळे क म्हटलं की डोक्यात के येतो, आणि मग सी वाला कॅट, सी-एच वाला कोरस, क्यू-यू वाली क्वीन, सी-के वाला डक हे सगळे बाहेर राहतात. फ चं तसंच, एफ बरोबर पी-एच (ग्राफ) आणि जी-एच (कफ, म्हणजे खोकला) पण बघायला हवेत. न बोलली जाणारी अक्षरं तर कानाला सापडणारच नाहीत, नाइफ चा के, डेट म्हणजे कर्ज त्यातला बी, साम म्हणजे स्तोत्र त्यातला सुरुवातीचा पी. पी असलेले शब्द शोधताना साम कोणाला आठवेल? म्हणून अक्षराचा उच्चार मनात करूच नका, नुसता आकार म्हणून बघा. खरं तर गोव्यातल्या माणसाला हे सोपं जायला हवं. शेल्डेच्या बोर्डावर सुरुवातीला एक्स असतो आणि आपण श वाचतो, पेडणे आणि साखळीच्या इंग्रजी नावाच्या शेवटी एम असतो आणि तो आपण म्हणतच नाही. पोर्तुगीज वळणाच्या या स्पेलिंगांनी आपल्याला आधीच शिकवलंय की अक्षर एक आणि आवाज दुसरा, फक्त ती सवय इथे वापरायची.

छापील डिक्शनरीचा उपयोग होतो का असं विचाराल तर थोडाच. पहिलं अक्षर माहीत असेल तर ठीक, कारण ती पहिल्या अक्षराने लावलेली असते. मधलं किंवा शेवटचं अक्षर माहीत असेल तर ती काही कामाची नाही. अर्थ बघायला आणि शब्द खरा आहे का हे पडताळायला मात्र ती पाहिजेच, घरात नसेल तर पाटोवरच्या कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालयात जा, १८३२ पासूनचं ग्रंथालय आहे.

पुढची पायरी मोबाइल. नुसतं गुगल न करता नमुन्यावरून शब्द शोधणारी साइट वापरा. मला वनलूक आवडते कारण तिथे एकाच खोक्यात वरचे जवळजवळ सगळे प्रकार जमतात, फक्त खुणा लक्षात ठेवायच्या. प्रश्नचिन्ह म्हणजे एक अक्षर, कुठलंही. चांदणी म्हणजे कितीही अक्षरं, अगदी शून्य पण. टाइप अर्थात इंग्रजी कीबोर्डवरून करायचं, इथे मी मराठीत दाखवतोय एवढंच.

शब्दकोड्यात पाच घरं, पहिलं सी, शेवटचं एच असेल तर सी???एच असं टाका. कॅच, कोच, काउच, क्रॅश, क्रश, क्लॅश, कफ, सिंच अशी यादी येईल, मग कोड्यातला क्लू वाचून ठरवा. आता समजा आडवा शब्द जमला आणि कळलं की आर येऊच शकत नाही, तर शेवटी उणेचं चिन्ह आणि आर जोडा, क्रॅश आणि क्रश गळाले. उणे म्हणजे ही अक्षरं नकोत, अधिक म्हणजे फक्त हीच अक्षरं हवीत. ॲटचं चिन्ह, ईमेलमधलं हो, म्हणजे कुठलाही स्वर, आणि हॅश म्हणजे कुठलंही व्यंजन.

सलग अक्षरं हवी असतील तर दोन्ही बाजूंना चांदणी, *टीसीएच*. अक्षरं कुठेही चालतील असं असेल तर स्वल्पविराम वापरायचा, तो "आणि" चं काम करतो. *एम*,*जी*,*झेड* टाकलं की तिन्ही असलेले शब्द येतात. यादी मोठी वाटली तर पुढे पाच प्रश्नचिन्हं आणि स्वल्पविराम, ?????,*एम*,*जी*,*झेड*, म्हणजे पाच अक्षरीच द्या, तिथे गिझ्मो सापडतो. ही स्वल्पविरामाची सोय फार कमी लोकांना माहीत असते आणि खरं सांगायचं तर एवढी एक आली तरी निम्मं काम झालं. अक्षरं तीच ठेवून फक्त उलटसुलट करायची असतील तर आधी दोन तिरक्या रेघा मारून अक्षरं टाका, लिसन ची सहा अक्षरं टाकली की सायलेंट, टिन्सेल, एनलिस्ट येतात.

वर्डलला पण हेच. २०२१ मध्ये जॉश वॉर्डल यांनी लोकांसाठी खुलं केलं, २०२२ च्या जानेवारीत न्यूयॉर्क टाइम्सने विकत घेतलं, पाच अक्षरं आणि सहा संधी हे सगळ्यांना माहीत आहेच. नवखे गडबडतात ते पिवळ्या घरात. पिवळं म्हणजे दोन गोष्टी एकदम, अक्षर शब्दात आहे आणि या जागेवर नाही. लोक पहिली लक्षात ठेवतात, दुसरी विसरतात आणि तेच अक्षर पुन्हा तिथेच टाकतात. बाकी रोज साइटवर शोधून वर्डल सोडवण्यात काय मजा ते मला कळत नाही, पण अडल्यावर एकदा बघायला हरकत नाही.

स्क्रॅबलच्या रॅकसाठी वेगळ्या वर्ड फाइंडर साइट भरपूर आहेत, अक्षरं टाकायची, ती लांबीप्रमाणे किंवा मार्कांप्रमाणे शब्द लावून देतात. कोऱ्या टाइलसाठी बहुतेक ठिकाणी प्रश्नचिन्ह चालतं. सातही टाइल्स एकदम लावल्या की ५० मार्क जास्तीचे, म्हणून आधी सात अक्षरी बघा. मात्र तिथे कुठली यादी निवडलीय ते आधी तपासा, आणि भांडणं इथेच होतात.

अमेरिका-कॅनडाची स्क्रॅबलची यादी वेगळी, आणि भारतासह बाकी बऱ्याच ठिकाणी कॉलिन्सची यादी चालते, ती मोठी आहे. शिवाय स्पेलिंग. आपण शाळेत ब्रिटिश स्पेलिंग शिकलो, कलर मध्ये यू घालतो. वर्डल अमेरिकन, तिथे ह्यूमर आणि फेवर पाच अक्षरी, यू शिवाय, उत्तर म्हणून येऊन गेलेत आणि तेव्हा ब्रिटिश स्पेलिंगवाले चिडले होते. पाचही स्वर असलेले शब्द शोधा असा प्रश्न शाळेत हमखास येतो, एज्युकेशन सगळ्यांना येतं, कॉलिफ्लावर पण चालतो, इक्वेशन आठ अक्षरांत बसतो आणि सिकोया तर सातच अक्षरांत. पण बिहेव्हियर लिहिलात तर तो फक्त ब्रिटिश स्पेलिंगमध्ये खरा, अमेरिकनमध्ये त्यातला यू उडतो आणि पाच स्वरांचे चार होतात.

विशेषनामं स्क्रॅबलमध्ये चालत नाहीत हे माहीत असतं सगळ्यांना. पण जी-ओ-ए चालतो! राज्य म्हणून नाही, तिबेटकडच्या एका हरणासारख्या प्राण्याला इंग्रजीत गोआ म्हणतात म्हणून. मडगावच्या दोन्ही स्पेलिंगांत तो आहेच. क्यू आला आणि यू नाही म्हणून रडू नका, क्यू-आय हा दोन अक्षरी शब्द चालतो, आणि फकीर, तलाक, कव्वाली हे आपलेच शब्द क्यू घालून यू शिवाय कॉलिन्सच्या यादीत बसलेत.

ज्यांच्याकडे लॅपटॉप आहे आणि ज्यांना यात गोडी लागलीय त्यांनी स्वतःची यादी ठेवावी. इनेबल नावाची इंग्रजी शब्दयादी फुकट मिळते, दीड लाखाच्या वर शब्द आहेत. एक्सेलमध्ये एका कॉलममध्ये उतरवून घ्या. टेक्स्ट फिल्टरमध्ये कंटेन्स आहे, पण तिथे दोनच अटी लावता येतात, तिसरं अक्षर असेल तर अडतं. तेव्हा आलेला निकाल नव्या शीटवर कॉपी करून पुन्हा फिल्टर लावा, चाळणीतून पीठ दोनदा काढल्यासारखं. नाहीतर शेजारच्या कॉलममध्ये सर्चचा फॉर्म्युला, अक्षर सापडलं तर आकडा देतो नाहीतर एरर, तीन अक्षरांचे तीन कॉलम, तिन्हीत आकडा असलेले शब्द आपले. लेनचा एक कॉलम करा म्हणजे शब्दाची लांबी कळते आणि त्यावर सॉर्ट करता येतं.

एकच अक्षर दोनदा हवं असेल तेव्हा सर्च फसवतो, कारण एक ए असला तरी तो हो म्हणतो. मडगावमध्ये ए दोन आहेत ना, तसं. तिथे सबस्टिट्यूटने ए काढून टाकायचा आणि आधीच्या लांबीतून नंतरची वजा करायची, उरेल तेवढे ए. आणि सगळी यादी आधी स्मॉल लेटरमध्ये करून घ्या, सबस्टिट्यूटला कॅपिटल आणि स्मॉल वेगळे वाटतात.

लिनक्सवाल्यांना तर आणखी सोपं, ग्रेप या शोधायच्या कमांडने एक अक्षर शोधायचं, उभ्या रेघेने निकाल पुढच्या ग्रेपला द्यायचा, जितकी अक्षरं तितके ग्रेप. आणि हे अॅनाग्रामवाले, म्हणजे तीच अक्षरं उलटसुलट करून दुसरा शब्द देणारे, प्रोग्राम एवढ्या पटकन उत्तर कसं देतात तर प्रत्येक शब्दाची अक्षरं आधीच ए पासून झेडकडे लावून ठेवलेली असतात. लिसन आणि सायलेंट दोन्ही लावले की ई-आय-एल-एन-एस-टी, सारखंच. मग नुसतं त्या लावलेल्या अक्षरांवरून बघायचं. हातानेही हे करून बघा, दोन शब्द एकमेकांचे अॅनाग्राम आहेत का हे तपासायची इतकी पक्की रीत दुसरी नाही.

एआय चॅटबॉटला विचारायची आता फॅशन आहे. विचारा, पण त्याने दिलेला प्रत्येक शब्द अक्षर अक्षर करून तपासा. ही मॉडेलं शब्द अक्षरांनी वाचत नाहीत, तुकड्यांनी वाचतात, त्यामुळे ज्यात झेडच नाही असा शब्द झेडच्या यादीत बिनधास्त ठोकून देतात. त्यापेक्षा त्याच्याकडून एक्सेलचा फॉर्म्युला लिहून घ्या, ते काम तो बरं करतो.

सरावाला साखळी घ्या, एस-ए-एन-क्यू-यू-ई-एल-आय-एम, नऊ अक्षरं. क्यूपासून सुरुवात करा, यू शेजारीच आहे. क्यू घेऊन सहा अक्षरी निदान तीन शब्द निघतात, मग क्यू बाजूला ठेवून एक सात अक्षरी आणि एक सहा अक्षरी शोधा. खालची ओळ लगेच वाचू नका.

इक्वल्स, क्वेल्स (क्यू-यू-ए-आय-एल-एस), सीक्विन, सेमिनल, अलम्नाय.